इन्शिराहची नाडी

ही घटना खरी आहे. यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच सोडून द्यावं, माझी काही तक्रार नाही. मलाही पटलं नसतं... त्या दोघी बहिणींच्या बरोबर खालच्या मजल्यावर मी अकरा वर्षं राहिले नसते तर.

गाव दुमियात. इजिप्तमधलं, नाईल समुद्राला मिळते तिथलं. माझ्या नवऱ्याची नोकरी तिथल्या बंदरावर होती. आम्ही चौथ्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर, पाचव्या मजल्यावर, फौकिया आणि इन्शिराह.

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही रात्रीची नाही.

ही भर दुपारची आहे. उन्हं कलायला लागतात, अस्रची अजान होते, त्या साडेतीनच्या सुमाराची.

आमची गल्ली सुतारांची. खाली ओळीने कारखाने. सकाळी आठला करवती सुरू झाल्या की संध्याकाळी मगरीबच्या अजानपर्यंत थांबायच्या नाहीत. पहिले दोन महिने माझं डोकं फुटायची वेळ आली होती. मग सवय झाली. इतकी, की शुक्रवारी करवती बंद असल्या की मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

थोरली फौकिया साठी ओलांडलेली. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आवाज असा, की जिन्यात बोलली तर पाचही मजल्यांना ऐकू जावं. धाकटी इन्शिराह चौपन्न वर्षांची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. घरीच सोफ्यांचे अभ्रे शिवायची. ती बहिणीला ‘आब्ला’ म्हणायची, थोरल्या बहिणीला तिकडे तसंच म्हणतात. फौकिया तिला लाडाने ‘शूशू’ म्हणायची. आणि मला दोघीही ‘हिंदिया’ म्हणायच्या. माझं नाव त्यांना कधी उच्चारताच आलं नाही.

पुढचं सगळं इन्शिराहने मला स्वतः सांगितलं. थोडंसं मी डोळ्यांनी पाहिलं.

मार्च महिना होता. सोमवार. इन्शिराह अभ्र्यांचं कापड घेऊन पुलावरून घरी येत होती. अजान नुकतीच संपली होती.

पुलाच्या मध्यावर ती थांबली.

तिला थांबायचं नव्हतं. छातीत काहीतरी निसटलं... एक ठोका चुकला... आणि मग हृदय पळायलाच लागलं. कोणीतरी आत जिना धावत चढतंय, पण वर पोचतच नाहीये, असं.

तिने कठडा धरला.

आणि मग तिच्या लक्षात आलं.

गाड्यांचे हॉर्न ऐकू येत नव्हते.

समोरून एक टेम्पो गेला, आवाज न करता. कणसं भाजणारी बाई तोंड उघडून ओरडत होती. तोंड हलत होतं. आवाज नव्हता.

फक्त एकच आवाज येत होता. मागून. धाप लागल्यासारखा. लांबून चालत आलेल्या माणसाचा श्वास...

तिने वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

तीन मिनिटं गेली असतील. मग छातीत एक मोठा ठोका पडला, आणि सगळे हॉर्न एकदम तिच्या कानांवर कोसळले.

घरी येऊन तिने बहिणीला सांगितलं. फौकिया पलंगावर बसून काकडी खात होती.

“कोण दिसला पुलावर?” तिने विचारलं.

“आब्ला, चेष्टा नको.”

“या वयात तुझं हृदय धडधडलं तर मी चेष्टा नाही करणार तर काय करणार? सांग की. मिश्या आहेत का त्याला?”

इन्शिराहलाही हसू आलं. दिवसाला सात-आठ ग्लास काळा चहा पिते, त्याचंच असणार, असं दोघींनी ठरवलं.

नऊ दिवसांनी मासळीबाजारात परत तेच झालं. अजान झाली, आणि तराजूशी उभ्या इन्शिराहला ठोका चुकल्यासारखं झालं. मग धडधड. मग शांतता. मग मागे धाप.

त्यानंतर पाच दिवसांनी, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर.

त्या दिवशी फौकियाने चेष्टा केली नाही. तिचा हात धरला आणि थेट डॉक्टर वगीहांकडे नेलं.

डॉक्टर वगीह म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी छातीचा कार्डिओग्राम काढला. पट्टी अगदी निर्दोष निघाली.

“आत्ता काही नाहीये,” ते म्हणाले. “धडधड मांजरासारखी असते. बोलावलं की येत नाही. चहा किती पिता?”

“दोन-तीन ग्लास,” इन्शिराह म्हणाली.

“आठ,” फौकिया म्हणाली. “वर साखर चार-चार चमचे.”

“बाई, हृदय आहे ते. चहावाल्याचा स्टोव्ह नव्हे.”

मग त्यांनी नीट समजावलं. चहा-कॉफी कमी. पाणी भरपूर. झोप पुरी. धडधड सुरू झाली की आधी खाली बसायचं. खोल श्वास घ्यायचा, तोंड मिटायचं, आणि बाळंतपणात जोर देतात तसा पोटातून खाली जोर द्यायचा, दहा आकडे मोजेपर्यंत. नाहीतर तोंडावर गार पाण्याचा हबका. बहुतेक वेळा हृदय जागेवर येतं. चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, श्वास पुरेना, तर मात्र घरी बसायचं नाही, तडक दवाखाना.

“आणि एक वही करा,” ते म्हणाले. “केव्हा झालं, कुठे होता, काय करत होता, मिनिटाला ठोके किती, किती वेळ टिकलं. मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि मोजायचं.”

“वही मी करते,” फौकिया म्हणाली. “हिला सत्तरच्या पुढे मोजता येत नाही.”

जाताना त्यांनी इन्शिराहच्या छातीला पाच तारा चिकटवल्या आणि कमरेला एक छोटा डबा बांधला. चोवीस तास हृदयाचा प्रत्येक ठोका त्यात उतरणार होता.

दुसऱ्या दिवशी अस्रला ती इमारतीच्या फाटकाशी पोचली...

आणि सुरू झालं.

डब्यात सगळं उतरलं. डॉक्टरांनी कागद पसरून दाखवला. ठोके एकशे अडुसष्ट. तीन मिनिटं दहा सेकंद.

“सापडलं!” ते खुशीत म्हणाले. “काही लोकांच्या हृदयात जन्मापासून एक जादा वाट असते. मधूनच वीज त्या वाटेला लागते आणि गोल-गोल फिरत बसते. त्याने कोणी मरत नाही. छोटी गोळी देतो, वाट बंद राहील.”

“आवाज बंद होतात ते?”

“तेवढ्या वेळात डोक्याला रक्त कमी पोचतं. कानांना दडे बसतात.”

“आणि ती धाप?”

डॉक्टर हसले. “ती तुमचीच असणार, बाई.”

इन्शिराहला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. घरी येताना तिने एक किलो संत्री घेतली.

पण त्या संध्याकाळी फौकिया वही घेऊन बसली. चौकटीची वही. गणिताच्या बाईंचे रेखीव रकाने. पूल. मासळीबाजार. औषधाचं दुकान. फाटक.

ती रकान्यांवरून नुसतं बोट फिरवत राहिली. फौकिया बोलत नाही म्हणजे काय, हे इन्शिराहला माहीत होतं.

“काय गं आब्ला?”

“काही नाही. ...शूशू, बाजारात झालं, त्यानंतर तू पुलावरून किती वेळा गेलीस?”

“रोज. याच वेळेला.”

“आणि पुलावर परत झालं?”

“नाही.”

“दुकानासमोर झालं, त्यानंतर बाजारात?”

“नाही गं. काय विचारतेस?”

फौकियाने वही तिच्याकडे सरकवली. बोट ‘जागा’ या रकान्यावर.

पूल. बाजार. कोपरा. फाटक.

“हे घराच्या जवळ येतंय,” ती म्हणाली.

फौकिया अडाणी बाई नव्हती. ताईत, धुपारे, असल्या गोष्टींना ती हसायची. म्हणून तिने पडताळा घ्यायचा ठरवला. दोन दिवस इन्शिराहला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. अस्र झाली, गेली. काही नाही. नाडी चौऱ्याहत्तर.

तिसऱ्या दिवशी अजान संपता-संपता दोघी खाली उतरल्या. चौथा मजला, तिसरा, दुसरा... काही नाही.

पहिल्या मजल्याच्या वळणावर इन्शिराहने शेवटच्या पायरीवर पाऊल ठेवलं.

छातीत काहीतरी निसटलं.

“आब्ला...”

“मागे ये. एक पायरी वर.”

ती वर आली. ठोका पडला. शांत.

“आता खाली.”

ती खाली उतरली. परत सुरू. करवतींचा आवाज कापल्यासारखा बंद. आणि अगदी समोर, हाताच्या अंतरावर... धाप. दम खात उभ्या असलेल्या माणसाची.

“वर ये शूशू! वर ये!”

फौकियाला काही ऐकू आलं नव्हतं. करवती चालूच होत्या, तिने नंतर शपथेवर सांगितलं. पण तिने धाकटीचं मनगट धरून ठोके मोजले होते. खालच्या पायरीवर एकशे सत्तर. वरच्या पायरीवर ऐंशी. चार वेळा. चारही वेळा तेच.

फाटक मागे पडलं होतं. ते जे काही होतं ते आता आत आलं होतं.

डॉक्टरांची गोळी टेबलावर तशीच पडली होती.

“घे ना गं,” फौकिया म्हणायची.

“घेतली की कळणार कसं, ते कुठे आहे?”

दर दोन-चार दिवसांनी ते एकेक मजला चढत होतं. दुसरा. तिसरा.

आता मी पाहिलं ते सांगते.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात होते. दाराशी काहीतरी घासल्यासारखं वाटलं, म्हणून उघडलं. समोर जिन्याच्या भिंतीला पाठ लावून इन्शिराह उभी. भाजीची पिशवी खाली पडलेली, टोमॅटो पायरीवरून घरंगळत गेलेले. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर. ओठ हलत होते. ती मोजत होती.

“ताई, काय झालं?”

तिने हाताने खूण केली. बाहेर येऊ नकोस.

मग ती भिंतीला घसरत खाली बसली. खोल श्वास घेतला. तोंड मिटलं. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं ती करत होती. आठ... नऊ... दहा...

तिने श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग आला.

पण डोळे नाही शांत झाले. डोळे जिन्याकडे गेले. एक पायरी वर. मग दुसरी. मग तिसरी. कोणी चढून जाताना आपण पाहत राहतो, तसे.

“माझं शांत झालं की ते चालायला लागतं,” ती हळू म्हणाली. “माझं धावत असतं तोवर ते थांबलेलं असतं, हिंदिया. आज तुझ्या दारात होतं.”

मी तिला पाणी दिलं. घाबरू नका, उन्हाचं होतं असं, वगैरे बोलले.

नंतर मी पुष्कळ आठवून पाहिलं. दार उघडं होतं तेवढ्या वेळात मला करवती ऐकू येत होत्या का?

मला सांगता येत नाही.

त्या रात्री दोघींचं भांडण झालं. छतातून शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“उद्यापासून गोळी घ्यायचीस. मी थोरली आहे.”

“आब्ला, एकच मजला राहिलाय.”

“राहू दे! एकशे सत्तर ठोके रोज-रोज कोण सोसेल? ते यायच्या आधी तूच जाशील. मग मी कोणावर ओरडू?”

“आणि आलं तर?”

“आलं तर बसेल. चहा देऊ. तुझा वाटा आहेच शिल्लक.”

मग परत फौकियाचाच आवाज. इतका हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

“मला एकटं टाकून जाऊ नकोस, शूशू. एवढंच मागते.”

इन्शिराहने गोळी घेतली. बहिणीसाठी घेतली. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी.

आणि गोळी लागू पडली.

हे मला मुद्दाम सांगायचंय. डॉक्टर बरोबर होते. धडधड बंद म्हणजे बंद. नाडी साठ, बासष्ट. ती पाचही मजले चढली-उतरली, बाजारात गेली, पुलावर गेली. कुठेही काही नाही. झोप लागायला लागली. गालांवर जरा मांस आलं.

वसंताच्या सणाला, शम्म-अन-नसीमला, आम्ही सगळे नाईलच्या काठावर चटया टाकून बसलो. रंगवलेली अंडी, कांद्याची पात, खारवलेला फसीख मासा. त्या माशाच्या वासाने मी नाकाला पदर लावला, तर फौकिया सगळ्या काठाला ऐकू जाईल असं ओरडली, “हिंदिया, मासाच आहे गं, प्रेत नाही!”

इन्शिराह पोट धरून हसली. मी तिला शेवटचं हसताना पाहिलं ते तेव्हा.

पण एक बदल झाला होता. रोज अस्रची अजान झाली, की फौकिया असेल तिथून हाक मारायची, “शूशू, काही आहे का?”

इन्शिराह दोन बोटं मनगटावर ठेवायची. “काही नाही, आब्ला.”

रोज. न चुकता. नमाजासारखं.

सणानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी परत तारा लावल्या. गोळी नीट काम करतेय का, ते पाहायला. त्याच पाच तारा, तोच कमरेचा डबा. मंगळवार होता.

जेवणं झाली. फौकिया आपल्या खोलीत आडवी झाली. दार अर्धं उघडं. इन्शिराह बाहेर मशीनवर बसून हिरव्या मखमलीचा अभ्रा शिवत होती.

अजान झाली. संपली.

ती शिवत राहिली. मशीन छान चाललं होतं, ती म्हणाली. टाका सरळ पडत होता. घर शांत होतं. मन इतकं शांत, की तिला मधे डुलकी लागली की काय, तेही आठवत नाही.

आतून हाक आली.

“शूशू... काही आहे का?”

इन्शिराहने मशीन थांबवलं. दोन बोटं मनगटावर ठेवली.

बोटांखाली काही नव्हतं.

“काही नाही, आब्ला,” ती म्हणाली. “झोप.”

आणि तिने परत मशीन सुरू केलं.

अभ्रा पुरा झाला. तिने उठून चहा केला. पुदिना घातला. दोन ग्लास तबकात ठेवून तिने पायाने दार ढकललं.

फौकिया पलंगावर भिंतीला चिकटून पडली होती.

ती कायम पलंगाच्या मधोमध झोपायची. हातपाय पसरून, राणीसारखी. त्या दिवशी ती एका कुशीवर, अंग चोरून, अगदी भिंतीला लागून होती. अर्धा पलंग मोकळा सोडलेला.

कोणाला तरी जागा करून दिल्यासारखा.

मोकळ्या अर्ध्या भागावरची चादर खाली दबलेली होती.

फौकियाचे डोळे दाराकडे उघडे होते.

तबक पडल्याचा आवाज मी ऐकला. नंतरची किंकाळीही. मी धावत वर गेले तेव्हा इन्शिराह बहिणीच्या छातीवर कान ठेवून बसली होती. मला बघून म्हणाली, “श्श... हिचं कधी धडधडलंच नाही गं. एकदाही नाही. हिचं तर सगळं चांगलं होतं.”

डॉक्टर आले. हृदय बंद पडलं, म्हणाले. या वयात कोणाचंही पडू शकतं.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. तीन दिवस बिनसाखरेची कॉफी, कुराणपठण, बायकांची ये-जा. खालचे सुतारही येऊन गेले. इन्शिराहने त्यातल्या एकाला विचारलं, “मंगळवारी दुपारी वीज गेली होती का? करवती बंद होत्या.”

“नाही, बाई,” तो म्हणाला. “मंगळवारी मोठी ऑर्डर होती. जेवायलाही थांबलो नाही आम्ही.”

तिने मान हलवली. तिला तेव्हा कळलं. मशीनवर बसली होती तेव्हा घर शांत होतं, असं तिला वाटलं होतं. पण त्या गल्लीत मंगळवारी दुपारी घर शांत नसतंच.

कमरेचा डबा त्या गोंधळात तिच्या अंगावर दोन दिवस तसाच राहिला होता. पुढच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर तो परत द्यायला गेले. म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

डॉक्टरांनी कागद पाहिला. पानं उलटली.

“गोळी उत्तम काम करतेय,” ते म्हणाले. “अठ्ठावन्न, साठ, बासष्ट. एकही जादा ठोका नाही.”

मग त्यांचं बोट एका पानावर थांबलं.

“इथे एक तार सुटलीय.”

“किती वाजता?” इन्शिराहने विचारलं.

“तीन एकेचाळीस ते... तीन पंचेचाळीस. चार मिनिटं. होतं असं. घामाने चिकटपट्टी सैल होते.”

“पाचही तारा?”

डॉक्टरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. कार्डिओग्राम काढणारी बाई मागे उभी होती, तिने वाकून पाहिलं. “तार सुटली की कागदावर फराटे येतात, डॉक्टर,” ती म्हणाली. “हे असं नाही येत.”

मी पाहिलं. फराटे नव्हते. एक रेघ. पट्टीने आखल्यासारखी सरळ. आणि तिच्या दोन्ही टोकांना व्यवस्थित, शांत, साठ ठोके.

“यंत्राचा दोष,” डॉक्टर म्हणाले आणि कागद दुमडला. “तुम्ही जिवंत बसला आहात ना माझ्यासमोर?”

इन्शिराहने दोन बोटं मनगटावर ठेवली.

रिक्षा पुलावर आल्यावर ती बोलली.

“मी मनगट धरलं तेव्हा बोटांखाली खरंच काही नव्हतं, हिंदिया. मला वाटलं, शांत आहे. मी तिला म्हणाले, काही नाही.”

“ताई, तुमचा काय दोष...”

“ती विचारत होती. तिला कळलं होतं, म्हणून विचारत होती. आणि मी म्हणाले, झोप.”

मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार?

त्यानंतर तिने गोळी सोडली. डॉक्टरांना न विचारता. रोज अस्रला ती पुलावर जायची, फाटकाशी थांबायची, जिन्याच्या एकेका वळणावर उभी राहायची. मला वाटलं, ती त्याला शोधतेय. एकदा विचारलं, तर म्हणाली, “त्याला नाही. ते एकटं गेलं नाही ना. ती असेल बरोबर.”

धडधड परत आली नाही. एकदाही नाही. काळा चहा आठ ग्लास सुरू केला, तरी नाही.

तिने शिवणही बंद केलं. कोणी काही आणून दिलं तर खायची.

आमची बदली झाली ती त्याच वर्षी, डिसेंबरात. सामान गेलं होतं. मी रिकाम्या घराला कुलूप लावत होते, तेवढ्यात ती वरून उतरली. निरोप घ्यायला आली असेल, असं वाटलं. अंगावर काळे कपडे. खूप वाळली होती.

तिने डावा हात पुढे केला. मनगट वर करून.

“हिंदिया, तू बघ,” ती म्हणाली. “मला हल्ली लागत नाही.”

“काय लागत नाही?”

“बघ ना. आहे का सांग.”

मी दोन बोटं ठेवली. मनगट गार होतं, पण डिसेंबर होता, जिन्यात वारा होता. मी बोटं सरकवली. अंगठ्याच्या मुळाशी. मग जरा वर. मग परत खाली. मला काही नाडी बघायची सवय नाही. कधीकधी पटकन सापडत नाही, डॉक्टरांनाही सापडत नाही म्हणतात.

ती माझ्याकडे पाहत होती. लहान मुलं निकालाच्या दिवशी बघतात तशी.

खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता.

“आहे,” मी म्हणाले.

“किती?”

“सत्तर.”

तिने डोळे मिटले. माझ्या गालाला गाल लावला, दोन्ही बाजूंनी, आणि जिना चढून वर गेली. पाच मजल्यांची सवय असलेली बाई. जराही दम न लागता.

मी तिथे किती वेळ उभी होते, मला माहीत नाही. ही गोष्ट मी आजवर नवऱ्यालाही पुरती सांगितलेली नाही.

मी सत्तर म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

माझ्या बोटांना काहीच लागलं नव्हतं...